आजाराच्या खात्यावर किराणा

ऑक्टोबरच्या मध्यावर न्यू जर्सीतल्या एडिसन-आयसलिनच्या दुकानांत चकलीची भाजणी, पणत्या आणि आकाशकंदील मांडले जातात. नेमक्या त्याच दिवसांत पासष्टी ओलांडलेल्या माणसांच्या टपालपेट्या विमा कंपन्यांच्या जाडजूड पाकिटांनी भरायला लागतात. मेडिकेअरचा, म्हणजे ज्येष्ठांच्या सरकारी आरोग्य विम्याचा, प्लॅन बदलण्याची मुदत दरवर्षी १५ ऑक्टोबर ते ७ डिसेंबर अशी असते. त्यामुळे फराळ, भाऊबीज आणि विम्याची निवड ही सगळी कामं इथल्या मराठी घरांना एकाच हंगामात उरकावी लागतात. पाकिटांवरचं चित्र बहुधा ठरलेलं असतं: हसरे आजी-आजोबा आणि त्यांच्या मध्ये भाज्यांनी भरलेली कागदी पिशवी. डॉक्टर कुठेच दिसत नाही. जाहिरात आरोग्य विम्याची आहे, हे कळायला खालची बारीक अक्षरं वाचावी लागतात.

विमा कंपनी भाजीला पैसे देते, हे भारतातून आलेल्या माणसाला पहिल्यांदा ऐकताना हमखास फसवणुकीसारखं वाटतं. फसवणूक नाही. फुकटही नाही. या पैशांचा उगम, त्यांच्या अटी आणि ते घेताना हातचं काय सुटतं हे कळलं, तर या पैशांचं कार्ड नीट वापरता येतं. नाही कळलं, तर पन्नास-शंभर डॉलरच्या भाजीपायी वर्षानुवर्षांचा डॉक्टर जातो.

आधी खिशाचं बघू. निवृत्तांच्या सोशल सिक्युरिटीत, म्हणजे सरकारी पेन्शनमध्ये, २०२६ च्या जानेवारीपासून महागाईपोटी २.८ टक्के वाढ झाली. सरासरी मासिक रक्कम २,०१५ डॉलरवरून २,०७१ वर गेली, म्हणजे ५६ डॉलर वाढले. त्याच महिन्यात मेडिकेअरच्या पार्ट बीचा, म्हणजे डॉक्टरांच्या खर्चाच्या भागाचा, हप्ता १८५ डॉलरवरून २०२.९० झाला, आणि हा हप्ता बहुतेकांच्या सोशल सिक्युरिटीतूनच परस्पर कापला जातो. वाढीतला जवळजवळ तिसरा हिस्सा हातात पडण्याआधीच गेला. ज्यांची किंवा ज्यांच्या जोडीदाराची अमेरिकेत नोकरीच झाली नाही त्यांना सोशल सिक्युरिटी नाही. त्यांच्यातल्या पात्र गरिबांना एसएसआय मिळतं, आणि एकट्या माणसासाठी त्याची केंद्र सरकारची कमाल रक्कम २०२६ मध्ये महिना ९९४ डॉलर आहे. घरभाडं, वीज, फोन यांना हात लावता येत नाही. मग कात्री लागते ती ताटाला. आधी फळं जातात, मग दूध अर्धं होतं, आणि शेवटी भात-लोणच्यावर दिवस निघतात. मधुमेही माणसाला यातलं प्रत्येक पाऊल महाग पडतं, पण ते बिल नंतर येतं आणि इस्पितळाच्या नावाने येतं.

हे नंतर येणारं बिल हीच या योजनेची कुळकथा आहे. १९६५ मध्ये लिंडन जॉन्सन यांच्या सहीने आलेल्या मूळ मेडिकेअरमध्ये इस्पितळ आणि डॉक्टरांचा खर्च होता. नेहमीचे दात, चष्मा, कानाचं यंत्र तेव्हाही नव्हतं, आजही नाही, मग किराणा कुठून असणार? पण मेडिकेअरला एक खाजगी वाट फुटली. २००३ च्या कायद्यापासून तिचं नाव मेडिकेअर अॅडव्हान्टेज. या वाटेवर सरकार दर सभासदामागे ठरावीक रक्कम विमा कंपनीला देतं आणि त्या माणसाच्या उपचारांची जबाबदारी कंपनी घेते. पात्र ज्येष्ठांपैकी निम्म्याहून अधिक जण आता या वाटेवर आहेत. तिथेही जास्तीचा लाभ आरोग्याशीच थेट जोडलेला असावा, अशी अट होती. २०१८ च्या अर्थसंकल्पीय कायद्याने ती दीर्घ आजारी सभासदांपुरती सैल केली. २०२० पासून कंपन्यांना अशा सभासदांना किराणा, घरपोच जेवण, बाजारहाटासाठी गाडी, अगदी झुरळं मारण्याचा खर्चसुद्धा देता येऊ लागला.

पैसा येतो कुठून, हा प्रश्न पाकिटावर छापलेला नसतो. कंपनी सरकारला सांगते की मी या भागातल्या माणसाची काळजी इतक्या रकमेत घेईन. सरकारने त्या भागासाठी ठरवलेल्या पातळीपेक्षा ती रक्कम कमी असली, की फरकाचा काही भाग कंपनीकडे परत येतो. तो सभासदांवर खर्च करायचा, असा नियम आहे. किराणा, दात, चष्मा, व्यायामशाळा हे सगळं मुख्यतः त्यातून निघतं. मात्र अमेरिकी संसदेला मेडिकेअरबाबत सल्ला देणाऱ्या मेडपॅक आयोगाचा २०२५ चा अंदाज असा, की हीच माणसं मूळ मेडिकेअरमध्ये असती तर लागला असता त्यापेक्षा सुमारे २० टक्के जास्त पैसा, म्हणजे त्या वर्षी ८४ अब्ज डॉलर, सरकार या कंपन्यांना मोजतं. तेव्हा पाकिटावरची ती भाजी कंपनीच्या औदार्याची नाही. करदात्याचा पैसा लांबचा वळसा घेऊन, वाटेत बरंच काही सांडत आजीच्या पिशवीत पोचतो.

एडिसनमधल्या एका मराठी जोडप्याच्या स्वयंपाकघरात हा वळसा मला जवळून बघायला मिळाला. काका ७६ चे, काकू ७२ च्या. मुलीने ग्रीन कार्डावर आणलं, पुढे दोघं नागरिक झाले, आता मुलीच्या घरापासून दोन बसथांब्यांवर स्वतंत्र राहतात. दोघांना मेडिकेअर आणि गरिबांसाठीचं मेडिकेड दोन्ही आहे, आणि दोघंही अशा दुहेरी पात्र माणसांसाठी असलेल्या एकाच खास प्लॅनमध्ये आहेत. फ्रिजवर चुंबकाखाली दोन कार्डं अडकवलेली होती. काकूंचं चालू, काकांचं बंद.

२०२५ पर्यंत दोघांचीही चालत होती. तेव्हा केंद्र सरकारचा एक प्रायोगिक कार्यक्रम होता, ज्यात केवळ उत्पन्न कमी आहे एवढ्या कारणावर प्लॅनला किराणा देता यायचा. सरकारने हिशेब केला तेव्हा त्या प्रयोगाचा जादा खर्च २०२१ मध्ये २.३ अब्ज आणि २०२२ मध्ये २.२ अब्ज डॉलर निघाला, आणि २०२५ अखेर तो गुंडाळण्यात आला. उरली ती २०१८ च्या कायद्याची वाट. तिच्यात गरिबी पुरत नाही, आजार लागतो. तोही कोणताही नाही. आजार दीर्घ आणि गुंतागुंतीचा हवा, इस्पितळात जावं लागण्याचा धोका मोठा हवा आणि काळजी घेणाऱ्यांत सततचा समन्वय लागणारा हवा. काकूंना मधुमेह आहे, हृदयाचा त्रास आहे. काकांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, गुडघे कुरकुरतात, बाकी सगळं ठणठणीत.

"आता मलाही साखर व्हायला हवी," काका म्हणाले.

"गप्प बसा हो. एकाची पथ्यं सांभाळताना नाकी नऊ आलेत," काकू म्हणाल्या.

चूल एक, भाजी एक, उत्पन्न सारखं. कायद्याच्या नजरेत मात्र ती कोथिंबीर काकूंची आहे. काका ती खातात याकडे काणाडोळा होतो, एवढंच.

ही अट कागदावरच कशी सिद्ध करावी लागते हेही सांगायला हवं. डॉक्टरांच्या नोंदीत आजार नुसता असून भागत नाही, बहुधा त्या वर्षात लिहिलेला असावा लागतो. काही प्लॅन सभासदाकडून एक प्रश्नावली भरून घेतात, काही डॉक्टरांकडून फॉर्म मागतात. आधीच्या वर्षी आपोआप भरलेलं कार्ड जानेवारीत रिकामं निघालं, तर पुष्कळदा एवढंच कारण असतं, आणि कार्डामागच्या नंबरवर फोन केला की गाडी रुळावर येते. काकूंच्या घरी कंपनीने एक नर्सही पाठवली होती. तिने रक्तदाब घेतला, पायांना स्पर्श कळतो का ते पाहिलं, औषधाच्या बाटल्या मोजल्या, तासभर प्रेमाने बोलली. या भेटीला दुसरी बाजू आहे. नोंदवलेल्या बऱ्याच गंभीर आजारांमागे सरकार कंपनीला जास्त पैसे देतं. आरोग्य खात्याच्या महानिरीक्षकांनी २०२४ मध्ये काढलेल्या अंदाजानुसार, ज्या आजारांचा पत्ता फक्त अशा तपासण्यांत आणि त्यांच्या जोडीच्या कागदपत्रांत लागला, पुढे उपचारांत कुठेच दिसला नाही, त्यांच्यापोटी २०२३ मध्ये सुमारे ७.५ अब्ज डॉलर दिले गेले. सभासद जितका आजारी, तितका कागदोपत्री मोलाचा.

कार्ड वापरणं हा वेगळाच अभ्यास आहे. महाराष्ट्रातल्या वाचकाला रेशन कार्ड आठवेल. पण तिथे वस्तू आणि वजन ठरलेलं असतं. इथे रक्कम ठरलेली असते आणि वस्तू मान्य की अमान्य ते गल्ल्यावरचं यंत्र ठरवतं. मी काकूंबरोबर एका मोठ्या साखळी दुकानात गेले. केळ्यांवरच्या चिकटपट्टीवर ४०११ हा आकडा असतो. अमेरिकेत कुठेही जा, सुट्या पिवळ्या केळ्यांचा हाच. केळी पट्ट्यावर गेली, यंत्राने मान डोलावली. पालक, दूध, अंडी, डबाबंद छोले, गोठवलेले मटार पास. आल्याच्या बिस्किटांना नकार, भांडी घासायच्या साबणाला नकार, पणत्यांसाठी घेतलेल्या वातींना अर्थातच नकार. अमान्य वस्तूंचे पैसे वेगळे द्यायचे असतात. गल्ल्यावरच्या मुलीला हे सवयीचं होतं, मागच्या रांगेला नव्हतं. काकूंनी पर्समधून चिल्लर काढली, एकदाही मागे वळून पाहिलं नाही आणि साबणाचे पैसे मोजून दिले. बाहेर आल्यावर म्हणाल्या, "पहिल्या वेळी मी साबण ठेवून आले होते. लाजेने."

तूरडाळीचं दुखणं निराळं आहे. या कार्डांना प्रत्येक वस्तू ओळखणारी यंत्रणा लागते. म्हणजे दुकानाचा गल्ला कार्ड चालवणाऱ्या कंपनीच्या यादीशी जोडलेला असावा लागतो. मोठ्या साखळ्यांनी ते केलंय. कोपऱ्यावरच्या देशी दुकानात बहुतेकदा ते नसतं, आणि तिथे कार्ड घेतच नाहीत. परिणामी डाळ, ज्वारीचं पीठ, कढीपत्ता, शेवग्याच्या शेंगा, म्हणजे ज्यावर काकूंचं पथ्य खरोखर चालतं, ते रोख पैशांनी येतं, आणि कार्डावर येतात ब्रोकोली आणि ओट्स. काकूंनी यावर तोड काढली आहे. दूध, दही, फळं, कांदे-बटाटे, टोमॅटो, अंडी हा सगळा माल कार्डावर घ्यायचा आणि त्यातून सुटलेली रोकड देशी दुकानात न्यायची. ब्रोकोलीची त्या पीठ पेरून भाजी करतात. बरी लागते, हे मी खाऊन सांगते.

पैसे साठत नाहीत, हे मात्र अनेकांना उशिरा कळतं. बहुतेक प्लॅनमध्ये ते महिनाअखेरीला किंवा तिमाहीअखेरीला बुडतात. दहा डॉलर उरले म्हणून पुढच्या महिन्यात मिळत नाहीत. रोखीत बदलून मिळत नाहीत. दारू, तंबाखू, गांजा यांना केंद्राच्या नियमांनीच बंदी आहे. रक्कम किती, यादीत काय, दुकानं कोणती हे प्लॅनप्रमाणे आणि काउंटीप्रमाणे बदलतं, त्यामुळे शिकागोतल्या मावशीला काय मिळतं हे एडिसनच्या माणसाला ऐकून उपयोगाचं नाही. काकूंच्या भिंतीवर कालनिर्णय आहे. त्यात संकष्टीच्या शेजारी, २८ तारखेच्या चौकोनात त्या बॅलन्स लिहितात.

आता आपल्या आई-बाबांच्या खास अडचणीकडे. मुलांनी ग्रीन कार्डावर बोलावून घेतलेल्या आई-वडिलांना उतरल्या उतरल्या यातलं काही लागू होत नाही. मेडिकेअरसाठी कायम रहिवासी म्हणून सलग पाच वर्षं अमेरिकेत काढावी लागतात. त्यानंतरही स्वतःची किंवा जोडीदाराची इथली दहा वर्षांची, म्हणजे चाळीस तिमाहींची, नोकरी नसेल तर पार्ट ए, म्हणजे इस्पितळाचा भाग, विकत घ्यावा लागतो. तीस तिमाहींपेक्षा कमी नोकरी असलेल्याला २०२६ मध्ये त्याचा हप्ता महिना ५६५ डॉलर. त्यात पार्ट बीचे २०२.९० मिळवा. आणि हे दोन्ही भाग हातात असल्याशिवाय किराणावाल्या प्लॅनचं दार उघडत नाही. उत्पन्न अगदी कमी असेल तर मेडिकेड हे हप्ते भरतं. पण १९९६ च्या कायद्याने मेडिकेडलाही ग्रीन कार्डधारकांसाठी साधारणपणे पाच वर्षांची अट आहे, आणि आई-बाबांचा भार उचलेन अशी हमी लिहून देणाऱ्या मुलाचं उत्पन्न त्यांच्या नावावर मोजलं जाऊ शकतं. ही हमी सुटते ती प्रामुख्याने आई-बाबा नागरिक झाल्यावर किंवा चाळीस तिमाही भरल्यावर. भारतातून येणारी पेन्शनही उत्पन्नात धरली जाते. ती लपवायचा सल्ला देणारे महाभाग मंडळाच्या कार्यक्रमांत भेटतात. त्यांच्यापासून लांब राहावं.

दुसरी अडचण पुण्या-नाशिकच्या ओढीची. थंडी पडली की आजी-आजोबा भारतात जातात. मेडिकेअर अॅडव्हान्टेजचा साधारण नियम असा, की सभासद प्लॅनच्या भागाबाहेर सलग सहा महिन्यांहून जास्त राहिला की त्याला काढून टाकायचं. एसएसआय तर त्याहून तापट. तीस दिवस देशाबाहेर राहिलं की थांबतं, आणि परतल्यावर पुन्हा तीस दिवस काढल्याशिवाय सुरू होत नाही. नातवाच्या मुंजीला गेलेली आजी दोन महिन्यांनी परत येते तेव्हा पैसा बंद आणि फ्रिज रिकामा, हे घडतं. तिकीट काढण्याआधी या तारखा बघण्याचं काम मुलांचं आहे. आजीला ते कोण सांगणार?

किराण्याच्या बदल्यात काय सुटतं, तेही सांगितलं पाहिजे. मूळ मेडिकेअर घेणाऱ्या जवळजवळ कुठल्याही डॉक्टरकडे त्या कार्डावर जाता येतं. अॅडव्हान्टेजमध्ये बहुधा कंपनीच्या यादीतलेच डॉक्टर, आणि मोठ्या तपासणीला आधी कंपनीची परवानगी. नाही जमलं तर परत फिरू, असं अनेक जण धरून चालतात. परत फिरता येतं. पण मूळ मेडिकेअरमध्ये उरणारा वीस टक्क्यांचा भार उचलणारा पूरक विमा पहिली मुदत गेल्यावर आजार पाहून नाकारला जाऊ शकतो. न्यूयॉर्क, कनेक्टिकट, मॅसॅच्युसेट्स आणि मेन ही चार राज्यं त्याला अपवाद आहेत. न्यू जर्सी त्यांत नाही. मेडिकेड असलेल्याला पूरक विम्याची गरज नसते, म्हणून काका-काकूंना हा धोका नाही. पण बेताची पेन्शन असलेल्या, मेडिकेडच्या रेषेच्या किंचित वर असलेल्या माणसाला तो पुरेपूर आहे, आणि भाजीच्या चित्राला भुलतो तोही नेमका हाच. सभासद नवा असेल तर एजंटाला पहिल्या वर्षी कंपनीकडून ६२६ डॉलरपर्यंत कमिशन मिळू शकत होतं, हा २०२५ चा बहुतेक राज्यांतला आकडा. एजंट मराठी बोलतो आणि दिवाळीला मिठाई आणतो म्हणून हा आकडा विसरू नये. कमिशन न घेता सल्ला देणारे सरकारी अनुदानावरचे समुपदेशक प्रत्येक राज्यात आहेत. त्या कार्यक्रमाचं नाव शिप, न्यू जर्सीत ते काउंटीनिहाय भेटतात. आणि फोनवर कोणी 'तुमचं सरकारी फ्लेक्स कार्ड तयार आहे, फक्त मेडिकेअर नंबर सांगा' म्हणालं, तर फोन ठेवून द्यावा. तो मराठीत बोलला तरी.

या किराण्याने तब्येत सुधारते का? पेन्सिल्व्हेनियातल्या गायसिंगर या आरोग्यसंस्थेचा ताज्या अन्नाचा गाजलेला कार्यक्रम आहे. मधुमेह आटोक्यात नसलेल्या गरजू माणसांना आठवड्याला दहा जेवणांचा शिधा आणि सोबत आहारतज्ज्ञ. त्याची शास्त्रशुद्ध चाचणी डिसेंबर २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली. सहा महिन्यांत शिधा मिळालेल्यांची साखरेची सरासरी दीड अंकाने उतरली, आणि न मिळालेल्यांचीही १.३ ने. फरक म्हणावा असा फरक नव्हता. विमा कंपन्यांच्या किराण्याबद्दल तर एवढंही ठामपणे बोलता येत नाही. कोणता जादा लाभ किती जणांनी वापरला याची पुरेशी माहिती सरकारकडेच नाही, असं सरकारी लेखापरीक्षकांनी जानेवारी २०२३ मध्ये लिहून ठेवलं आहे.

माझ्या मते प्रश्नच चुकीच्या खिडकीवर विचारला जातोय. पोटभर, चांगलं जेवण मिळाल्याने साखर उतरली पाहिजे, नाहीतर ते बंद, ही अट आपण स्वतःच्या जेवणाला कधी लावतो? अमेरिकेत भुकेसाठी वेगळी योजना आहेच. तिचं आजचं नाव स्नॅप, मूळ १९६४ चा फूड स्टॅम्प कायदा. तिच्यात आजाराचा दाखला लागत नाही. देशी दुकानानेही परवाना घेतलेला असेल तर डाळ-पीठ चालतं, आणि उरलेली रक्कम महिनाअखेरीला बुडत नाही. तरी पात्र ज्येष्ठांतले बरेच जण तिच्याकडे फिरकत नाहीत, कारण तो सरकारी मदतीचा अर्ज वाटतो आणि हे विम्याचं कार्ड वाटतं. काकांनाही तसंच वाटायचं. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये सरकारी कामकाज ठप्प झालं आणि १ नोव्हेंबरला लाखो घरांत स्नॅपचे पैसे वेळेवर आलेच नाहीत. ते पाहून तर त्यांनी हात जोडले होते. पण जानेवारीत स्वतःचं कार्ड बंद पडलं तेव्हा मुलीने त्यांना काउंटीच्या कचेरीत नेलं. अर्ज एकट्या काकांचा होत नाही, एकत्र जेवणाऱ्या नवरा-बायकोचा एकच धरतात. तो मंजूर झाला, आणि या घरात पहिल्यांदा तूरडाळ आणि ज्वारीचं पीठ सरकारी कार्डावर आलं.

काकूंच्या हृदयाचे डॉक्टर त्यांच्या प्लॅनच्या पुढच्या वर्षीच्या यादीत आहेत की नाहीत, हे सप्टेंबरअखेरपर्यंत येणाऱ्या बदलांच्या सूचनापत्राबरोबर तपासायचं ठरलं आहे. दुसऱ्या एका कंपनीच्या पाकिटावर किराण्याची रक्कम जवळजवळ दुप्पट आहे. मुलीने त्या डॉक्टरांच्या कचेरीत फोन करून विचारलं. त्या कंपनीचा प्लॅन ते घेत नाहीत. काकूंनी पाकिटाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर फराळाच्या सामानाची यादी लिहायला घेतली आणि प्रत्येक वस्तूपुढे कार्ड किंवा रोख अशी खूण केली.